हवालदारांची घोडनस

माझा चेहरा त्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिला असेल. आधी पाहिली ती चप्पल.

लातूरच्या त्या ऑफिसात मी रुजू व्हायला गेले, तेव्हा जिन्याखाली, उभ्या केलेल्या सायकलींच्या मधोमध टेबल टाकून खाकी शर्टातले एक गृहस्थ काहीतरी लिहीत बसले होते. मी विचारलं, "माजी सैनिकांचं ऑफिस वरच का हो?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वरच. जपून चढा. उजवी चप्पल भाईरून झिजलीय तुमची. ल्हानपणी पाय मुरगळला व्हता जणू."

मुरगळला होता. माळेगावच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारात, मी सात वर्षांची असताना. पण हे या परक्या माणसाला कसं कळावं? वर जाऊन रुजू झाल्याच्या कागदावर मी तारीख चुकीची घातली.

मी मुळातच घाबरट. आमच्या लोह्यात म्हणायचे, हिला मांजर आडवं गेलं तर ही मांजराची माफी मागेल. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, पाकीट डिंकवलं की उघडून पुन्हा वाचणार. लातूर जिल्हा नवा झाला म्हणून नव्या जागा निघाल्या, आणि नांदेडला टायपिंग शिकलेली मी तिथं टंकलेखक म्हणून लागले. जागा हंगामी. दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत मला अन्न गोड लागायचं नाही. ऑफिसात सगळंच अर्धवट होतं. खुर्च्या आल्या होत्या, कपाटं यायची होती, आणि शिक्का जुन्याच जिल्ह्याचा होता, त्यातलं जिल्ह्याचं नाव ब्लेडनं खरवडलेलं. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता.

जिन्याखालच्या त्या गृहस्थांना सगळे हवालदार म्हणत. पायदळातून हवालदार म्हणून सुटलेले, आणि आता आमच्याकडे माजी सैनिकांचे अपंगत्वाच्या पेन्शनचे अर्ज भरून द्यायच्या कामावर. औशाच्या पुढं त्यांचं गाव. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्माची पुसट बोटं, आणि पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. मी एकदा "हवालदारसाहेब" म्हटलं, तर म्हणाले, "साहेब वर बसत्यात. मी खाली बसतो."

खाली बसण्यामागे भांडण होतं. ऑफिस माडीवर, बावीस पायऱ्यांचं. आणि येणारे कोण, तर पायात गोळी लागलेले, गुडघे गेलेले, बर्फानं बोटं झडलेले. हवालदारांनी साहेबांना विनंती केली की ऑफिस खाली घ्या. साहेब म्हणाले, नव्या जिल्ह्यात जागा मिळाली हेच नशीब. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी स्वतःचं टेबल एकट्यानं ओढत खाली नेलं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. हवालदारांनी लेखी दिला: "टेबल खाली नेल्याने कामात खंड पडलेला नाही. अर्जदाराच्या दमात पडत होता तो थांबला." साहेबांनी तो कागद फायलीला लावला.

जिन्याखाली बसून त्यांना एक विद्या साधली होती. डोक्यावरून माणूस चढू लागला की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, डावा गुडघा, जुनं दुखणं. किंवा, दोन्ही पाय चांगले, दाखला मागायला आलाय. क्वचितच चुकत. साहेब स्वतः चढत असले की मात्र काही बोलत नसत, फक्त लिहिणं थांबवून ऐकायचे. साहेबांनाही ते कळत असावं, कारण ते फार भरभर चढायचे.

त्यांच्या टेबलामागे खिळ्याला एक गोणी टांगलेली होती. त्यात जुन्या चपला, जोडे, बूट. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, त्यावर अर्जदाराचं नाव आणि गाव. कुणी अर्ज घेऊन आला की ते म्हणायचे, "फुडल्या बारीला जुनं पायताण घिऊन या. फेकलं आसंल तर हुडका." साहेबांनी एकदा नाकाला रुमाल लावून विचारलं, हे काय आहे? हवालदार उभे राहून म्हणाले, "पुरावा हाय, साहेब. माणूस शपथेवर खोटं बोलतो. पायताण बोलत न्हाई."

कामाची रीत अशी होती. अर्जदारानं सांगायचं, हवालदारांनी मराठीत कच्चं लिहायचं, मी वर त्याचं इंग्रजी करून टंकायचं. मग मी खाली यायचं आणि इंग्रजी अर्ज एकेक वाक्य पुन्हा मराठीत वाचून दाखवायचा. हवालदार कच्च्या कागदावर बोट ठेवून ताडून बघायचे. जुळलं तरच सही. यात सूट नाही. अर्जदाराची बस सुटत असो, की माझा डबा थंड होत असो. "हाय ते वाचायचं, बाई," ते मला बजावायचे. "हाय ते गाळायचं न्हाई, न्हाई ते घालायचं न्हाई." आणि अर्जदाराला म्हणायचे, "वाचल्याबिगर सही केली तर समजा आंगठा कापून दिला."

'दुखतं' हा शब्द त्यांना चालत नसे. रेणापूरकडचे एक नाईक आले होते, म्हणाले, "पाय लई दुखतो हो." हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "दुखतो लिवलं की सरकार म्हणतं, मलाबी दुखतो. काय करता येत न्हाई ते सांगा." नाईकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग खाली बघत म्हणाले, "बैलगाडीत चढता येत न्हाई. बायकू हात देती." हवालदारांनी लेखणी उचलली. "आता कसं. हात देती, हेबी लिवतो." त्या नाईकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण अर्ज मंजूर झाला.

आता खुद्द हवालदारांच्या पायाचं सांगते.

मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जायची, कारण मुदतवाढीचा कागद टपालात आला असेल या काळजीनं मला घरी बसवत नसे. एकदा पोचले तर हवालदार नुकतेच येत होते. मागच्या धर्मशाळेत त्यांची खोली होती. एका हातानं भिंत धरून, डावा पाय नुसता टेकवत टेकवत चालले होते, नुकतं जन्मलेलं वासरू चालतं तसं. मला बघून भिंतीवरचा हात काढला. "इंजन गरम व्हायला टाईम लागतो," म्हणाले, आणि दहा-वीस पावलांनंतर खरोखरच बरे चालू लागले. तेव्हा मला कळलं की ते इतक्या लवकर का येतात. ती पहिली पावलं कुणाला दिसू नयेत म्हणून.

त्यांच्या डाव्या टाचेमागची शीर गेली होती. पोटरीतून खाली टाचेला येऊन मिळते ती, जाड दोरीसारखी. त्यांची दोरीपेक्षाही जाड झाली होती, गाठ आल्यासारखी. पाठीवर वजन घेऊन पळायची पलटणीत स्पर्धा होती, तेव्हा ती ताणली. कंपनी हरू नये म्हणून त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलं नाही, तसेच पळत राहिले. शेवटी एका सकाळी बिछान्यातून उठून पाय टाकला आणि खालीच बसले. दवाखाना झाला, प्लास्टर झालं, मग सैन्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डानं तपासून त्यांना घरी पाठवलं. आणि कागदावर एक शब्द लिहिला, कॉन्स्टिट्यूशनल.

हवालदारांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो एक शब्द ते कुठेही ओळखायचे. चौदा अक्षरांचा. कुठल्याही अर्जदाराला सरकारी उत्तर आलं की आधी अंगठ्याच्या नखानं लांब लांब शब्दांची अक्षरं मोजत जायचे. तेरा भरली की सुटकेचा श्वास. चौदा भरली की म्हणायचे, "आलं बगा चौदावं."

त्याची गोष्ट ते हसून सांगत. सुटून आल्यावर जुन्या जिल्ह्याच्या गावी एका कारकुनाला त्यांनी तो शब्द दाखवला. त्यानं शब्दकोश काढून सांगितलं, 'घटनात्मक'. "आन् म्या वरीसभर गावात सांगत सुटलो, बाई, की माजा पाय घटनेपरमाणं हाय. सरपंच म्हणायचे, बसा बसा, घटना उभी कामून?" आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ते एकदम थांबले. पुढं औशाच्या एका डॉक्टरांनी त्यांना खरा अर्थ सांगितला: अंगाच्या घडणीतलाच दोष. जन्माचा. सैन्याचा काही संबंध नाही.

हे त्यांनी घरी आईला सांगितलं, तिथं गोष्ट बिघडली. त्यांची आई, तिला ते अव्वा म्हणत, तेव्हाच साठीच्या पुढची. अव्वा भाकरी थापत होती, तिनं हातातलं पीठ परातीत टाकलं आणि म्हणाली, "मी वाकडं पोर काढलं न्हाई. सरळ पोर सरकारला दिलं. सरकारनं वाकडं करून धाडलं. तसं लिवून दे म्हणावं." शेजारी तिची धाकटी जाऊ राहायची. दोघींचं आधीपासूनच सोन्यासारखं होतं असं नाही. त्या जावेनं पाणवठ्यावर चारचौघींत म्हटलं, "सरकारनंच लिवलंय की, जन्माचंच आधू हाय म्हणून." त्या दिवसापासून अव्वानं जावेच्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नाही.

हे भांडण एरवी गावातल्या शंभर भांडणांसारखं पडून राहिलं असतं. पण पावसानं दोन वर्षं दगा दिला. गावची विहीर आटली. आणि सगळ्या गल्लीत पाणी टिकलं ते नेमकं जावेच्या दारातल्या बोअरला. जाऊ म्हणे, या की, घागर भरून न्या, मी का नाही म्हणते? पण अव्वा काही जाईना. टँकरची वाट बघत बसायची. टँकर आला की गाव त्यामागं पळायचं. अव्वाला चालणंच होत नव्हतं, आणि लेकाचा पाय हा असा.

हवालदार दर शनिवारी लातूरहून पाण्याची दोन डबडी घेऊन एसटीनं गावी जायचे. कंडक्टर कुरकुरायचे. सोमवारी आले की मी विचारायची, "अव्वा कशा आहेत?" ते म्हणायचे, "वठ फुटल्यात. पन जिद सोडीना." त्या दिवसांत मला माझ्या मुदतवाढीइतकीच त्या म्हातारीची काळजी लागली. मी तिला पाहिलंही नव्हतं. मीच म्हटलं, "हवालदार, तुम्ही सगळ्यांचे अर्ज करता, स्वतःचा काऊन नाही करत? तो शब्द खोडून मागा."  पाचव्या दिवशी माझ्या हातात कच्चा कागद दिला, घडी घातलेला, जणू काही चोरीचा माल.

तो कागद मला अजून पाठ आहे. "दौडीत डाव्या पायाची घोडनस ताणली. तशीच दौड चालू ठेवली." आणि काय करता येत नाही, त्याच्यापुढं एकच ओळ: "टँकरमागं पळता येत नाही."

मी टंकून खाली गेले, नेहमीसारखी वाचायला सुरुवात करणार, तर त्यांनी कागद ओढून घेतला. बाकावर चार-पाच अर्जदार बसलेले होते. "माजं नगा वाचू," ते हळूच म्हणाले. "लोकं बसल्यात."  आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय चारचौघांत वाचणाऱ्या माणसाला स्वतःचा पाय ऐकवेना. न वाचता सही केली आणि पाकीट स्वतः डिंकवलं.

उत्तर आलं ते मीच उघडलं.  लिहिलं होतं: सदर व्यक्तीने घोडदळात किंवा जनावरांच्या कोणत्याही तुकडीत सेवा केल्याची नोंद नाही. अर्जात नमूद केलेला घोडा कोणाचा होता व तो कोणाच्या परवानगीने वापरला, याचा खुलासा करावा. तोवर अर्ज नामंजूर.

घोडा मीच आणला होता. मी लोह्याची, माळेगावच्या जत्रेत वाढलेली. दौड म्हटली की मला घोड्याचीच दिसणार. त्यात पुढं लगेच घोडनस. मी इंग्रजीत बेधडक लिहून टाकलं होतं, की घोडा दौडवताना डाव्या पायाची नस ताणली, तरी घोडा तसाच दौडवत ठेवला. टाचेमागच्या शिरेलाच घोडनस म्हणतात हे मला माहीतच नव्हतं, आणि विचारायला हवं हे सुचलंही नाही. तीनदा कुलूप ओढणारी मी, इथं एकदाही ओढून बघितलं नाही.

मी खाली जाऊन एका दमात सगळं वाचून दाखवलं. हवालदारांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, घोडा कुठून आला?"

मी सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आमच्या पलटणीत खेचरबी नव्हतं," आणि टेबलावरची धूळ तळहातानं पुसू लागले.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्याकडेही प्रत गेली होती. आम्ही दोघं त्यांच्यापुढं उभे. साहेब म्हणाले, "ऑफिसची शोभा झाली. हे टाइप कोणी केलं?" टाइप करणारी अख्ख्या ऑफिसात मी एकटीच. तरी त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे कागदावर घेता आलं असतं. पुढच्या आठवड्यात माझी मुदतवाढ यायची होती.  हवालदार म्हणाले, "सही माजी हाय, साहेब. वाचल्याबिगर केली."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. ती लाज मला आजही आहे आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं. जिना उतरताना मी रडत होते, तर ते पुढं बघत म्हणाले, "रडू नगा. पायरी चुकंल."

मग सुरू झाली घोडा काढून टाकायची खटपट. हवालदारांनी नवा अर्ज लिहिला: "आमच्या भागात टाचेमागील शिरेस घोडनस म्हणतात. घोड्याचा संबंध नाही. पहिला अर्ज मी न वाचता सही केला. चूक माझी." पण घोडनस म्हणजे तीच शीर, याला पुरावा काय? तहसीलमध्ये म्हणाले, शब्दाचा दाखला द्यायचा आमच्याकडं नमुना नाही. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका भल्या डॉक्टरांनी कागदावर पाय काढून दिला, शिरेला बाण मारला आणि खाली मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहिलं. हवालदारांचं समाधान झालं नाही. त्यांनी तालमीतल्या वस्तादाची सही आणली, चांभाराची आणली. नालबंद आपणहून सही द्यायला आला, तर त्याला हात जोडले. "तुजी नगं, बाबा. पुन्ना घोडा यील."

या वेळी मी अर्ज चारचौघांत वाचला. मोठ्यानं, एकेक वाक्य. बाकावरचे सगळे ऐकत होते. हवालदारांचं बोट कच्च्या कागदावर ओळीओळीनं सरकत होतं. "टँकरमागं पळता येत नाही" हे वाक्य आलं तेव्हा बाकावरचं कुणी हसलं नाही.

अर्ज गेला. मग वाट बघणं. मार्च गेला, एप्रिल निम्मा गेला. मी सकाळी सातला ऑफिसच्या दारात, टपाल अकराला. तरी सातला. लातुरातही नळाला चार दिवसांआड पाणी, आणि हवालदारांची शनिवारची डबडी दोनाची एक झाली. एका सोमवारी ते आलेच नाहीत. दिवसभर मी टायपिंगमध्ये इतक्या चुका केल्या की रबर झिजून गेला. मंगळवारी आले. अव्वा चक्कर येऊन पडली होती. जाऊ तांब्या घेऊन धावत आली, तर शुद्धीवर आल्या आल्या अव्वानं तो हातानं सारला. "घोटभर पानी डोळ्यानं बगत पडली, पन पेली न्हाई," हवालदार म्हणाले.  "बाई, ह्यो कागद आला न्हाई तर माजी माय तहानंनं जाईल."

मध्ये त्यांना पुण्याला बोर्डापुढं बोलावलं. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाले, चवड्यावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर उभं राहता आलं नाही. डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली, आणि मग विचारलं, टँकर किती लांब थांबतो? "म्या म्हणालो, दोन फर्लांग. त्यांनी लिवून घेतलं." त्याचं हवालदारांना केवढं कौतुक. त्यानंतर पुन्हा महिनाभर काही नाही.

आणि एक दिवस पाकीट आलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसूनच फोडलं. मंजूर. सेवेमुळे बळावल्याचं मान्य. मी तिथंच ओरडणार होते, पण पुढचं वाचलं. पायाचा दोष, मग तोच चौदा अक्षरांचा शब्द, आणि पुढं, सैन्यातल्या सेवेमुळे बळावलेला. तो शब्द त्यांनी काढलाच नव्हता. त्याला नुसतं पुढं शेपूट जोडलं होतं.

खाली जाऊन मी हाय ते वाचलं. गाळलं नाही. हवालदारांनी कागद घेतला, नखानं मोजत गेले आणि चौदावर थांबले. "आलं बगा," म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "सरकारनं माजं ऐकलं. अव्वाचं न्हाई ऐकलं." बाकावरचे लोक त्यांना पेढे मागत होते.

शुक्रवारी ते म्हणाले, "उद्या गावाकडं चला. म्होरं बसून अव्वाला वाचून दाखवा. मी वाचलं तर ती म्हणंल, पोरगं हाय, गोड बोलतंय. तुमी ऑफिसच्या."  औशापर्यंतच्या एसटीत मी तेच विचारत होते. काय वाचू? तो शब्द आला की काय करू? हवालदार मांडीवरचं पाण्याचं डबडं धरून, खिडकीबाहेर किल्ल्याकडं बघत एवढंच म्हणाले, "हाय ते वाचायचं."

अव्वा दारातच बसली होती. मूठभर म्हातारी, ओठांना भेगा, पण नजर कशी, हवालदारांचीच. माझ्याकडं बघून म्हणाली, "ये गं माय. तूच का ती, घोडा आणल्याली?" म्हणजे त्यांनी घरी सांगितलं होतं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "बस," ती म्हणाली. "त्या घोड्यापायी लई हसले मी. वाच."

मी ओट्यावर बसले. शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, तीच जाऊ असणार. समोरच्या घरातली दोन-तीन माणसं आली. हवालदारांनी खिशातून कागद काढला, उलगडला, पण माझ्या हातात दिला नाही. स्वतःच माझ्यापुढं धरला, दोन्ही हातांनी, ऑफिसात कधी धरत नसत तसा. मी वाचू लागले. नाव, नंबर, पलटण. एकेक वाक्य मराठीत. ती ओळ जवळ येत होती.

ओळ आली, आणि मी बघितलं, तिच्या मध्यावर हवालदारांचा अंगठा होता. रुंद, नखाला शाई लागलेला, चांगला घट्ट दाबलेला. अलीकडचं दिसत होतं, पलीकडचं दिसत होतं.

मी वाचलं, "पायाचा दोष... सैन्यातल्या सेवेमुळे बळावलेला आहे."

"जन्माचं?" अव्वानं विचारलं. "जन्माचं म्हणून काय लिवलंय?"

मी हवालदारांच्या अंगठ्याकडं बघितलं. ते माझ्या चपलेकडं बघत होते.

"मला तर कुठं दिसत नाही, अव्वा," मी म्हणाले.

 शेजारच्या दाराकडं अव्वानं एकदा बघितलं. मग भिंतीला टेकून ठेवलेली पितळी घागर हातानं पुढं सरकवली.

"जा रं," ती लेकाला म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "काकूच्या बोअरवरनं भरून आन. म्हणावं, सरकारी लंगडा आलाय."

हवालदारांनी कागदाची घडी अंगठ्यासकट घातली, खिशात ठेवली आणि घागर उचलली. बसून पाय आखडला होता, पहिली पावलं तशीच पडली, वासरासारखी. भिंत हाताशी होती. त्यांनी धरली नाही. गल्लीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश लंगडत ते काकूच्या दाराकडं गेले.